टोपीच्या आकाराचे मैदान

सुटीत भावाकडे दोह्याला गेले होते. अल-थुमामा स्टेडियम दुरून पाहिले आणि नमाजाची जाळीदार टोपीच आठवली. अरबांच्या ‘गहफिया’ टोपीवरूनच त्याची रचना केलेली आहे.

मला फुटबॉलमधले काहीच कळत नव्हते. भाऊ म्हणाला, “आपा, नियम पाहता पाहता कळतील. आधी एक संघ आपला मान.”

मी मोरोक्को निवडला. १० डिसेंबर २०२२ रोजी याच मैदानात पोर्तुगालला १-० ने हरवून विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जाणारा तो पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब संघ ठरला. खेळाडूंनी सजदा केला. सोफियान बुफाल आईचा हात धरून मैदानात नाचला.

पुढे फ्रान्सने त्यांना २-० ने हरवले. मुलांना तो सामनाही जरूर दाखवा. जिंकल्यावर शुक्र सोपा असतो. सब्राचा धडा हरल्यावरच मिळतो.