पारनेरचा काडीकिडा : भ्यावे कशाला?

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आमच्या विहारातील मंडळी एका रविवारी एखाद्या खेडेगावी जातात. तेथील बांधवांबरोबर वंदना घ्यायची, ग्रंथवाचन ऐकायचे, खीरदान करायचे आणि जमले तर आसपासचा मुलूखही पाहायचा, असा आमचा शिरस्ता. अशाच एका वर्षावासात आम्ही पारनेर तालुक्यात गेलो. बरोबर बायकामुले धरून दोन जीपगाड्या भरल्या होत्या.

पारनेर म्हणजे दुष्काळी तालुका. पश्चिमेचा पाऊस सह्याद्री अडवून धरतो आणि पठारावर उरतो तो वारा. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा ही येथील पिके. पोटासाठी मुंबई गाठलेले पारनेरकर चाळीचाळीत भेटतात. सेनापती बापटांचा जन्म १८८० साली याच पारनेरचा. धरणात जमिनी जाणाऱ्या मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी पुढे ते लढले.

शिरूरवरून आम्ही प्रथम निघोजला गेलो. कुकडी नदीच्या काळ्या खडकात तेथे रांजणासारखे खोल खळगे आहेत. पाहणाऱ्याला वाटते, कुणा कारागिराने छिन्नी चालवली असावी. पण कारागीर नदीच. पुराच्या पाण्याबरोबर आलेले दगडगोटे खडकाच्या खाचेत अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि जात्यासारखा खडक झिजवतात. हजारो वर्षे हे काम चालले आहे. मुलांना आम्ही एवढेच सांगितले की, अद्भुत दिसणाऱ्या गोष्टीलाही कारण असते, ते शोधावे. अर्थात पावसाळ्यात खळग्यांच्या काठाला जाऊ दिले नाही. तेथे शेवाळ निसरडे असते.

दुपारी बौद्ध वस्तीवर पोहोचलो. वंदना झाली, वाचन झाले. मुले कुंपणाशी खेळत होती. एवढ्यात ओरड झाली. एका फांदीवरची वाळकी काडी चालायला लागली होती! वीतभर लांब, सुतळीसारखे अंग, सहा बारीक पाय. एका पोराने चप्पल उगारली. तोच एक आजी धावत आल्या. "लांब व्हा रं लेकरांनो! लई विखारी हाय ते. गुरानं चाऱ्यात खाल्लं तर गुरू जागेवर मरतंय."

आजींची दुभती गाय दोन वर्षांपूर्वी अशीच तासाभरात गेली होती. चाऱ्यात हा किडा दिसला, म्हणून त्याच्यावर आळ आला. पुढे कुणी तरी 'करणी' सुचवली. देवऋषाने कोंबडा आणि पैसे घेतले, वर शेजारच्या भावकीतील एका बाईकडे बोट दाखवले. गाय गेली, तिचे कर्ज मागे राहिले आणि दोन घरांचे बोलणे बंद झाले.

आमच्यात विज्ञान शिकवणारे एक मास्तर होते. त्यांनी तो किडा हातावर घेतला. तो गप्प पडला, मेल्याचे सोंग करून. मास्तर म्हणाले, "हा काडीकिडा. याला नांगी नाही, विषाचा दात नाही. हा पाला खाऊन जगतो. दिवसा काडी होऊन बसतो, रात्री चरतो. सोंग हेच याचे हत्यार."

या किड्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्याची अंडी झाडाच्या बियांसारखी दिसतात. लहानपणी पाय तुटला तर कात टाकताना नवा फुटतो. काही जातींत नराशिवायच मादीच्या अंड्यांतून पिले निघतात. आपल्या दक्षिण भारतातील एक जात तर युरोपातील शाळांत मुले काचेच्या पेटीत पाळतात आणि तिच्यावरून शास्त्र शिकतात. चीनमध्ये दोन फुटांहून लांब काडीकिडे सापडले आहेत, तेही पालाच खातात. अमेरिकेच्या फ्लोरिडात मात्र एक जात आहे, ती शत्रूवर जहाल रस फवारते. तो डोळ्यांत गेला तर फार आग होते. तेव्हा कुठलाही किडा तोंडाजवळ नेऊ नये, हात धुवावेत, एवढे पथ्य पुरे.

मग आजींची गाय कशाने गेली असेल? मास्तरांनी विचारले, "त्या दिवशी काय खाल्लं होतं, आजी?" उत्तर आले, "ज्वारीच्या रानात शिरली व्हती. पाऊस नव्हता, कडवळ गुडघ्याएवढंच व्हतं." येथे उलगडा झाला. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचे विष तयार होते आणि पावसाने ओढ दिली, पीक खुरटले की ते वाढते. जनावर धापा टाकते, कोसळते, थोड्या वेळात मरते. गुरांचा डॉक्टर वेळेवर आला तर इंजेक्शनने ते वाचूही शकते. म्हणून कडवळ फुलोऱ्यात येईपर्यंत गुरांना त्यात सोडू नये. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंजे त्या बाईचा काय बी दोष नव्हता म्हणायचा."

भ्यायचेच असेल तर कशाला भ्यावे, तेही सांगतो. बाजरी फुलोऱ्यात आली की कणसावर हिंगे येतात. ते अंगावर चिरडले तर भाजल्यासारखे फोड उठतात. हिंगा चिरडू नये, झटकावा. दगडाखाली विंचू आणि फुरसे असतात. ज्या महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, त्याच महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावला, साप चावला तर मांत्रिक नको; १०८ ला फोन करावा आणि दवाखाना गाठावा. चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होते. या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला खून झाला, हे आपण विसरता कामा नये.

बंधूभगिनींनो, वर्षावास का सुरू झाला? पावसाळ्यात भिक्खू हिंडताना कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जात, म्हणून तथागतांनी त्यांना एका जागी राहायला सांगितले. आपल्या पंचशीलातील पहिले शील तेच सांगते. आणि ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नये, हा कालामांना केलेला उपदेशही त्यांचाच. करुणा आणि पारख या दोन्ही गोष्टी बरोबर असाव्या लागतात. नुसती भीती असली की आधी किड्यावर चप्पल उठते, मग शेजारणीवर बोट उठते.

मुलांनी तो काडीकिडा पुन्हा फांदीवर ठेवला. क्षणात तो काडी झाला, कुणालाच सापडेना. आजी मात्र संध्याकाळी खिरीची वाटी पदराखाली झाकून शेजारच्या घराकडे निघाल्या होत्या. त्या घराची कडी त्यांनी दोन वर्षांत वाजवली नव्हती.

जयभीम!