दोन पत्ते, एकच फेरा

अर्जात दोन रकाने असतात: कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता. माझं घर अकोल्यात, ४४४००१. अभ्यासासाठी घेतलेली खोली अमरावतीत, ४४४६०१. चार वर्षं स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरून हे दोन पिनकोड इतक्यांदा लिहिले, की आता ते मला नुसत्या संख्या म्हणून दिसतात.

संख्येकडे कसं बघायचं, ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर दाखवून गेलेत. १९०५ मध्ये डहाणूत जन्मलेला हा माणूस १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होता. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, त्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ नाव दिलं. उदाहरणार्थ १८: एक अधिक आठ नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो. अमरावतीच्या अंकांची बेरीज १९. भाग दिला की बाकी एक उरते. अकोल्याची बेरीज १३. तिथे बाकी बारा, म्हणजे एक कमी पडला. दोघंही एकाने हुकले. कट-ऑफ पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

त्यांची दुसरी गंमत जास्त प्रसिद्ध आहे. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या; मोठीतून लहान वजा करा; उत्तराचं पुन्हा तेच करा. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबते.

सहा अंकी संख्या सहसा थांबत नाहीत. अकोला: ४४४१०० वजा ००१४४४, म्हणजे ४४२६५६, मग ४२०८७६. अमरावती: ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि मग तेच, ४२०८७६. तिथून दोघंही एका फेऱ्यात: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, पुन्हा ४२०८७६.

यात नशीब वगैरे काही नाही. सहा अंकींना शेवट तीनच: ५४९९४५, ६३१७६४ किंवा हा फेरा. शिवाय हे गुण संख्येपेक्षा आपल्या दशमान लिखाणाचे जास्त. म्हणूनच कापरेकरांचं काम अनेकांना किरकोळ वाटलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगात नाव झालं. तोवर ते आपल्या आनंदासाठी आकडेमोड करतच होते.

रूममेटने कागद पाहून विचारलं, “अबे, पेपरात येते का हे?”

नाही येत. पण चार वर्षांत बैठक क्रमांक, गुण, रँक, जो आकडा आला तो मला मोजायलाच आला. या दोघांना मी मोजलं, आणि त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. ती रात्र मला वाया गेलेली वाटली नाही.

काल रेल्वेवरचं मधलं मूर्तिजापूर घेतलं, ४४४१०७. सातव्या पायरीला ६२९९६४ आलं, म्हणजे अमरावतीची पहिली पायरी. बडनेरा अजून व्हायचंय.