खिळ्यांच्या पेट्यांचा शोध

पुण्यास मंगळवार पेठेच्या बाजूचा जुना बाजार बुधवार-रविवारसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील कुलुपें, घड्याळें व पितळी दिवे पाहून नवख्याची दृष्टि भांबावते. आम्ही मात्र एकाच वस्तूच्या शोधार्थ गेलों होतों. आमच्या वाड्याच्या मागल्या सोप्यांत आजोबांचा छापखाना होता. पायानें चालवावयाचें यंत्र तेथेंच राहिलें, खिळे गोणींत पडले, आणि त्यांच्या लांकडी पेट्या कोणी नेल्या कोण जाणे! ती जागा मोटारीसाठीं मोकळी करावी, असें घरांतील वडील मंडळींचें मत. छापखाना पुन्हां उभा करावा, असें आमचें. दिवाळीपर्यंत एक तरी कागद छापून दाखवा, असा अखेर निवाडा झाला.

देवनागरींत जोडाक्षरें, अर्धीं अक्षरें व मात्रा यांचे खिळे वेगळाले असल्यामुळें पेट्यांना कप्पे इंग्रजीहून कितीतरी अधिक लागतात. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला, त्याच्या सुबक अक्षरांची वाहवा होण्यांत अशा कप्प्यांपुढें दिवसभर उभे राहणाऱ्या जुळाऱ्यांचाही वाटा होता. पुढें ऑफसेट आलें. खिळ्यांचें शिसें वजनावर मोडींत गेलें, आणि रिकाम्या पेट्या दिवाणखान्याच्या भिंतीवर चिमुकलीं खेळणीं मांडण्यासाठीं विकल्या जाऊं लागल्या!

पुण्यांत एकच पेटी मिळाली, तीही तळ फुटलेली. म्हणून मुंबईस चोरबाजारांतील मटन स्ट्रीट गांठली. शुक्रवारीं तेथील पक्कीं दुकानें बहुधा बंद असून रस्त्यावर पथाऱ्या पसरतात. आम्हांस दुकानें हवीं, म्हणून गुरुवार साधला. जहाजांवरील दिवे, ग्रामोफोन, ब्रह्मी सागाचीं कपाटें—मोह पुष्कळ. तथापि "जुना साग" म्हणून दाखविलेलें सर्वच जुनें नसतें. खण बाहेर ओढून मागील अंग पाहावें. खरें जुनें लांकूड हात लागतो तेथेंच झिजतें. चोहोंकडे सारखा काळेपणा दिसला, तर तो रंग बहुधा हातानेंच दिलेला.

एका दुकानांत चार पेट्या होत्या. एकीच्या कोपऱ्यांत शाईनें माखलेला एकुलता एक 'ळ' तसाच राहिला होता. कोणत्या भिंतीवर लावणार, असें दुकानदार शेवटपर्यंत विचारीत होता.

यंत्राचा गंज रॉकेलनें निघाला. सरसाचे जुने रूळ उंदरांनीं केव्हांच फस्त केले होते. नवे रबराचे करविले. खिळ्यांत शिसें, म्हणून हात धुतल्यावांचून कोणीं खाण्यास शिवूं नये, असा काकूंनीं दंडक घातला. गोणींतले खिळे निवडण्यास घरांतील मुलांना अख्खी सहामाही सुट्टी लागली, आणि त्यांत 'ळ' एकही धड निघाला नाहीं.

वसुबारसेस पहिला कागद निघाला, तो फराळाच्या निमंत्रणाचा. मुंबईहून आलेला 'ळ' उंचीनें जुळला, तो फराळाकडे खर्च झाला. म्हणून दिवाळीच्या जागीं 'दीपावली' छापावें लागलें. मोटार सध्यां बाहेरच उभी असते.