डोंगरावरची शाळा आणि आमचे फॉर्म

नाताळ आटोपला की आमच्या विहारात फॉर्मांची गर्दी सुरू होते. एरवी रात्री तिथे दहावी-बारावीची मुले अभ्यासाला बसतात. त्या दिवसांत मात्र आयाबाया रेशनकार्ड, जन्माचा दाखला, जातीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून येतात आणि म्हणतात, "दादा, तेवढा कान्वेंटचा फॉर्म भरून द्या." आम्ही पडलो कारकून माणूस. बी.कॉम. झाल्यापासून फॉर्म भरण्यातच हयात चालली आहे. अलीकडे पुष्कळ फॉर्म मोबाईलवर भरावे लागतात, पण गर्दी तीच आणि तोंडावरची काळजीही तीच. कान्वेंट म्हणजे खरे तर ख्रिस्ती जोगिणींचा मठ. पण आमच्या वस्तीत क्रूस असलेली कुठलीही शाळा कान्वेंटच.

गेल्या खेपेला एक ताई आल्या. चार घरची धुणीभांडी करतात. यजमान रिक्षा चालवतात, तीही भाड्याची. फॉर्म भरता भरता त्यांनी एकदम विचारले, "दादा, ह्या लोकांनी एवढाल्या शाळा उभ्या कशा केल्या हो? ते तर आपल्यापेक्षा थोडे. पैसा आणला कुठून?"

आम्ही चार सभांतून बोलणारे. पण त्या वेळी उत्तर सुचले नाही. "परदेशातून येतो पैसा," असे वस्तीत सगळे म्हणतात, तेच आम्हीही म्हटले. ताईंचे समाधान झाले नाही. आमचेही झाले नाही.

म्हणून एका रविवारी अभ्यासिकेतली बाराएक मुले घेऊन आम्ही बोरिवली पश्चिमेला माउंट पोयसरला गेलो. या भागातल्या कॅथलिक शाळांची जुनी मुळे शोधायची तर तिथूनच सुरुवात केली पाहिजे. डोंगर म्हणावा एवढा काही तो उंच नाही. वर चर्च, शेजारी सेंट फ्रान्सिस डी'असिसी हायस्कूल, आयटीआय, १९९९ मध्ये निघालेले इंजिनीअरिंग कॉलेज, आणि खाली मंडपेश्वरची लेणी. या नावाची गंमत मुलांना फार आवडली. पोर्तुगीजांच्या जिभेवर मंडपेश्वर नीट बसेना. त्याचे झाले 'मोंपेझिर' आणि पुढे इंग्रजांच्या तोंडी 'माउंट पोयसर'. म्हणजे त्यातला 'माउंट' हा मुळात आपला मंडपच!

लेणी शैव, साधारण सहाव्या शतकातली. आत नटराजाचे मोठे शिल्प आहे, मोडतोड झालेले. बाहेरच्या बाजूला एका भिंतीवर जुने शिल्प तासून तिथे क्रूस कोरलेला दिसतो. एका मुलाने विचारले, "सर, हे कोणी केले?" ते सांगायचे तर चारशे-पाचशे वर्षे मागे जावे लागते.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन पंथाचे धर्मगुरू आले. त्यांतले फादर आंतोनियो दो पोर्तो यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर या लेण्याचे चर्च केले आणि वर मठ व कॉलेज बांधले. पोर्तुगालच्या राजाचा आश्रय होता म्हणून ते 'राजेशाही कॉलेज'. धर्मांतर केलेल्या घरांतली मुले तिथे ठेवून शिकवीत. १६९५ मध्ये जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी हे सर्व पाहून गेला आणि त्याने ते लिहून ठेवले आहे. आज त्या कॉलेजच्या फक्त भिंती उरल्या आहेत, छप्पर नाही.

हेच फादर आपल्या कान्हेरीवरही पोचले होते. तिथल्या एका लेण्यात त्यांनी सेंट मायकेलच्या नावाने चर्च केले आणि तिथे राहणाऱ्या दोन साधूंना बाप्तिस्मा दिला, अशी नोंद पोर्तुगीज बखरकारांनी केली आहे. तोवर कान्हेरीतला भिक्खुसंघ जाऊन कित्येक शतके लोटली होती, त्यामुळे ते साधू बौद्ध नसावेत. पण लेणी आपली. आमच्या मागाठाण्याचे नावही कान्हेरीच्या लेखांत मंगलठाण म्हणून येते, असे अभ्यासक मानतात. आणि कान्हेरीच्या नवव्या शतकातल्या एका शिलालेखात भिक्खूंच्या चीवरांबरोबर पुस्तकांसाठीही दान दिल्याची नोंद आहे. पुस्तकासाठी वेगळी रक्कम काढून ठेवण्याची चाल या डोंगरांत पोर्तुगीजांच्या आधी सुमारे सातशे वर्षे होती, हे आम्ही मुलांना दोनदा सांगितले.

तेव्हा डोंगरावरच्या त्या पहिल्या शाळेचा पैसा कुठून आला, तर राजाकडून. ती सत्तेची शाळा होती. दुसऱ्याच्या लेण्यात शिरून मांडलेली होती. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आणि त्यावरून आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांवर डोळे वटारण्यातही नाही. त्या कॉलेजात ज्यांची पोरे बसत त्यांचेच वंशज हे ईस्ट इंडियन लोक. घरात मराठी बोलतात, लग्नात उंबराचे पाणी आणतात. सत्ता गेली तशी शाळाही गेली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि कॉलेज ओस पडले. राजाच्या तिजोरीवर चाललेली शाळा राजाबरोबर बुडाली.

आता जी शाळा दिसते तिची हकीगत निराळी आहे, आणि ताईंच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला सापडले असेल तर ते इथेच.

पौलस मॉरिट्झ नावाचे एक जर्मन ब्रदर होते. ब्रदर म्हणजे फादर नव्हे. फादर हा पुरोहित, तो मिस्सा करतो. ब्रदर लग्न करीत नाही, स्वतःच्या नावावर काही ठेवीत नाही, संघ पाठवील तिथे जातो, पण पुरोहित नसतो. तो काम करतो. तो काळ डोळ्यांपुढे आणा. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. रस्तोरस्ती अनाथ पोरे. १९०१ मध्ये या ब्रदरांनी फ्रान्सिस्कन मिशनरी ब्रदर्सचा संघ सुरू केला. त्या संघाचे मुख्य ठाणे पुढे हेच माउंट पोयसर झाले. अनाथ मुलांना आसरा द्यायचा, शेती आणि हातातला धंदा शिकवायचा आणि त्याबरोबर अक्षरे, अशी त्यांची रीत. आज तिथला आयटीआय पाहिला की त्या रीतीची आठवण होते. ज्या संत फ्रान्सिसचे नाव शाळेला आहे तो आठशे वर्षांपूर्वी इटलीतल्या असिसी गावच्या कापड व्यापाऱ्याचा मुलगा. बापाची श्रीमंती आणि अंगावरचे कपडेसुद्धा टाकून तो महारोग्यांची सेवा करायला गेला. घर सोडून निघालेल्या राजपुत्राची गोष्ट ऐकत वाढलेल्या आमच्या मुलांना हे लगेच कळले.

बांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेचेही तसेच. आज तिचा किती दरारा! पण १८६३ मध्ये जेझुइट फादरांनी ती सुरू केली तेव्हा ते देशी अनाथ मुलांचे घर होते. ज्या शाळांच्या फाटकाशी आज मोटारींची रांग लागते त्यांतल्या कित्येकींची सुरुवात अशी ज्यांना कोणी नव्हते अशा पोरांपासून झाली आहे.

मग आज फाटकाबाहेर कोण उभे असते?

इथे आमचे स्वतःचे सांगावेसे वाटते. आमची मुलगी लहान होती तेव्हा आम्ही दोघे तिला घेऊन एका मिशनशाळेत गेलो होतो. डोंगरावरची ती नव्हे. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. ऑफिसात आमच्या हाताखालून दिवसाला वीस इंग्रजी पत्रे जातात. पण तिथे समोरच्या बाईंनी दोन प्रश्न विचारले आणि आमची बोबडी वळली. मुलीच्या आईकडे पाहून त्यांनी तिसरा प्रश्न विचारलाच नाही. यादी लागली, त्यात नाव नव्हते. मुलीने वाटेत विचारले, "पप्पा, मी चुकले का?" ती बिचारी रंग आणि फळे धडाधडा सांगून आली होती. चुकलो आम्ही होतो. मुलगी पुढे दुसरीकडे शिकली, चांगली शिकली. पण तो प्रश्न काही आमच्या डोक्यातून जात नाही.

बाबासाहेबांनी हे दुखणे फार पूर्वी ओळखले होते. त्यांच्या कागदपत्रांत ख्रिस्ती मिशनांवर लिहिलेले इंग्रजी निबंध सापडले. ते सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात छापले. त्यांत त्यांनी मिशनच्या सेवेला नावे ठेवलेली नाहीत. हिशेब मात्र मांडला आहे: मिशनने शाळा-कॉलेजे आणि दवाखाने काढले, त्यांचा फायदा मुख्यतः वरच्या जातींच्या हिंदूंनी घेतला, आणि जो अस्पृश्य ख्रिस्ती झाला त्याच्या पदरी थोडे पडले. जोतिरावांसारखा माणूस स्कॉटिश मिशनच्या शाळेतून घडला हे खरे. पण एक जोतिराव घडला म्हणून हिशेब पुरा होत नाही.

खुद्द चर्चनेही हे मान्य केल्यासारखे आहे. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने शिक्षणावर जाहीरनामा काढला. त्यात कॅथलिक शाळांना सांगितले आहे की गरीब, ज्यांना कुटुंबाचा आधार नाही असे, आणि ज्यांची श्रद्धा वेगळी आहे असे, यांच्याकडे विशेष लक्ष द्या. धुणीभांडी करणाऱ्या बौद्ध ताईंचा मुलगा यांतल्या दोन कलमांत बसतो! त्यांच्याच ध्येयाने त्याला आत बोलावले आहे. अडते ते मुलाखतीच्या टेबलाशी आणि फीच्या पावतीशी.

कायदा काय म्हणतो? १९५४ मध्ये मुंबई सरकारने फर्मान काढले होते की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज कोणाला घेऊ नये. देवळालीची बार्न्स शाळा चालवणारी संस्था आणि दोन पालक त्याविरुद्ध कोर्टात गेले, आणि मे १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फर्मान रद्द केले. म्हणजे अल्पसंख्याकांच्या शाळेने स्वतः लढून इतरांसाठी दार उघडे ठेवले. हे त्यांचे श्रेय आम्ही मोकळेपणाने देतो. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, खाजगी शाळांत दुर्बळ घटकांसाठी २५ टक्के जागा ठरल्या, आणि वस्तीत पेढे वाटले गेले. पण ६ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. आमच्या ताईंना एवढेच कळते की शेजारच्या साध्या इंग्रजी शाळेत लॉटरी लागू शकते आणि कान्वेंटमध्ये नाही.

मात्र ज्या कलम ३० वर त्या शाळा उभ्या आहेत ते एकट्या ख्रिस्ती बांधवांचे नाही. १९९३ मध्ये केंद्र सरकारने ज्या पाच समाजांना अल्पसंख्याक म्हणून जाहीर केले त्यांत आपणही आहोत. बाबासाहेबांनी तर त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज उघडले. त्या सोसायटीच्या कॉलेजात सकाळी वर्गात बसून नंतर ऑफिस गाठणारे हजारो निघाले, त्यांतलेच आम्ही एक. ती कॉलेजची गोष्ट झाली. साडेतीन वर्षांच्या पोराने कुठे जायचे?

ताई पुन्हा आल्या तेव्हा आम्ही त्यांना सांगितले की पैसा नंतर आला, आधी माणसे आली. बायकापोरे न करता, पगार न घेता जन्मभर त्याच कामात राहिली. ताईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "आपल्यातले संसार सोडून कोण येणार दादा? तुम्ही तर संध्याकाळी सातला येता आणि साडेनऊला जाता." घरी सौभाग्यवती हे ऐकून खूप हसल्या. त्यांच्या मते साडेनऊसुद्धा जास्त होतात.

येत्या रविवारी विहार कमिटीची मीटिंग आहे. विषय क्रमांक एक, जयंतीचा मंडप आणि साऊंड. विषय क्रमांक दोन, रंगरंगोटी. विषय क्रमांक तीन आमचा: वस्तीतल्या लहान मुलांसाठी सकाळची बालवाडी आणि शिकवायला एक पगारी बाई. चिटणिसांनी आधीच सांगून ठेवले आहे की वेळ उरला तर घेऊ. मुंबईत तीन रूम आणि गावाला शेत असलेले आमचे एक सभासद विचारत होते, की याने वस्तीचे नाव कसे दिसणार? त्यांना आम्ही मंडपेश्वरच्या बिनछपराच्या भिंती पाहून यायला सांगितले आहे. ते जाणार नाहीत.

ताईंचा फॉर्म मात्र आम्ही पुरा केला. धर्म: बौद्ध. आईचे शिक्षण: सातवी. आईचा व्यवसाय, या रकान्याशी त्या थांबल्या. "घरकाम लिहू नका," म्हणाल्या, "नोकरी लिहा. चार ठिकाणी करते." आम्ही नोकरी लिहिले.