अंदाजपत्रकाआधी सभा भरवा

महाड, जानेवारी २०२२

चि. भाचीस,

पोलादपुरात नवे नगरसेवक निवडून आले, आता अंदाजपत्रक येईल, त्यात आम्हा बायकांना बोलता येईल का, असं तू बचत गटातर्फे विचारलंस. बरं केलंस.

आधी सासऱ्यांना विचार. ग्रामपंचायत होती तोवर ग्रामसभेत उठून कुणीही खर्चाचा हिशेब मागायचा. नगरपंचायत झाली, सतरा प्रभाग पडले आणि ती सभा गेली. शहरांसाठी २००९ च्या कायद्यात क्षेत्रसभा आहे म्हणे. भरलेली मी तरी पाहिली नाही.

पुण्याचं कौतुक सगळे करतात. तिथं २००६-०७ पासून नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पदपथ, दिवे, बाक अशी कामं सुचवतात. चांगलंच आहे. पण अर्ज लिहिताना माणूस आपल्या दारापुरतं मागतो. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून वस्तीवस्तीत सभा घेऊन आधी कोणतं काम ते ठरायचं. मला ही रीत जास्त पटते. शेजारच्या आळीत गुडघाभर पाणी साचतं हे समोर बसल्यावरच कळतं.

नुसत्या ठरावावर मात्र विसंबू नका. आमच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केलं, ते दप्तरात. बाबासाहेबांसोबत हजारो माणसं तळ्यावर गेली ती मार्च १९२७ मध्ये. त्याच ऑगस्टात पालिकेनं ठराव फिरवला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं! तेव्हा सभेत ठरेल ते लिहून काढा, सह्या घ्या आणि पोच घेऊन कार्यालयात द्या.

जुलैचा पूर अजून सगळ्यांच्या डोक्यात आहे. सावित्रीतला गाळ काढणं नगरपंचायतीच्या तिजोरीला झेपणारं नाही, हे सुरुवातीलाच सांग, नाहीतर सभा तिथंच अडकेल. तुंबलेली गटारं, बंद दिवे, पऱ्याकाठचा कचरा यांवर मात्र भांडा. नगरसेवकालाही बोलवा, त्यानं खुर्चीवर नाही, सतरंजीवर बसावं. नळाला पाणी यायची वेळ तेवढी टाळा.

त्याआधी गेल्या वर्षीचा जमाखर्च मिळव. घरपट्टी-पाणीपट्टी किती आली, पगार आणि वीजबिलात किती गेली, हे मोठ्यानं वाचून दाखव. कुणी ‘तरतूद नाही’ म्हणालं तर लेखी माग. आकड्यांची झेरॉक्स मलाही पाठव. कोणतं अनुदान कशासाठी बांधलेलं आहे ते पेन्सिलीनं खुणा करून परत धाडतो.

तुझा मामा