डबीतला चुना

आबांच्या चंचीत सुपारी, कात, तंबाखू, अडकित्ता ही मंडळी एकत्र नांदायची. चुन्याला मात्र वेगळी पितळी डबी. एवढीशी, घट्ट झाकणाची. उघडा ठेवला तर हा हवेशी सूत जुळवतो आणि दगड होऊन बसतो.

मुळात तो दगडच. 100 किलो चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजली, की 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 किलो चुनकळी उरते. भट्टीतून निघालेला हा गडी भलताच तापट. पाणी ओतलं की तडकतो, फुलतो, वाफा सोडतो, पिंप हात लावू देत नाही. मग विरतो. पण विरला म्हणजे थंडावला असं समजू नये. त्याच्या निवळीचा सामू 12 च्या वर असतो, म्हणजे हा जहाल आम्लारी. शिवाय आडमुठाही आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा कमी.

आम्लांना आपण उगाच बदनाम केलंय. लिंबू, चिंच, आमसूल जिभेला लागताक्षणी आपली जात सांगून टाकतात. आम्ल देणारं, आपला हायड्रोजन आयन दुसऱ्याच्या पदरात टाकायला टपलेलं. आम्लारी घेणारं, आणि तेही गुपचूप. चुना बोटाला लोण्यासारखा लागतो, पण तोवर कातडीवरचं तेल खायला त्याने सुरुवात केलेली असते. ‘चुना लावणे’ हा शब्दप्रयोग ज्याने काढला, त्याला हा पुरता कळला होता!

हळद त्याला चटकन ओळखते. त्याचं बोट लागलं की पिवळीधमक हळद लालबुंद होते. घरी कुंकू करणाऱ्या बायका हेच करत. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळी. उसाच्या आंबटसर रसातला गाळ खाली बसवायला साखर कारखान्यांनाही तोच लागतो. तंबाखूशी त्याची दोस्ती मात्र वाईट. त्याच्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि गालातून भराभर रक्तात उतरतं. आबांची तलफ भागायची ती अशी.

त्याचं खरं रूप दिसतं ते जुन्या वाड्यांच्या भिंतींत. घाण्यात मळून दगडांच्या सांध्यांत भरला, की भट्टीत गमावलेला कार्बन डायऑक्साइड तो हवेतून हळूहळू वसूल करतो. वर्षानुवर्षं. आणि पुन्हा चुनखडी होतो.

डोळ्याशी मात्र त्याची गाठ पडू देऊ नका. आम्लाने डोळ्यातली प्रथिनं साकळतात, त्यामुळे ते बरंचसं वरच्यावर अडतं. चुना आत आत उतरत जातो. हल्ली तो प्लास्टिकच्या पुडीत मिळतो. मुलं ती खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. तसं झालंच, तर उतारा म्हणून लिंबूबिंबू घालू नका. डोळा उघडा धरून नळाचं पाणी बराच वेळ सोडत राहा आणि लगेच डोळ्यांचा दवाखाना गाठा.