हौगांगची अंजिराची काडी



मध्यंतरी आम्ही दोघे सिंगापूरला लेकीकडे तीन महिने राहून आलो. ती राहते हौगांगला, शहराच्या ईशान्येला. पूर्वी तिथे भाजीचे मळे आणि डुकरं पाळणाऱ्यांच्या वाड्या होत्या. आता जिकडे बघावं तिकडे सरकारी गृहमंडळाच्या उंच इमारती. जांभळ्या मेट्रोत बसलं की थेट 'धोबी घाट' स्टेशन! नाव ऐकूनच आम्हांला महालक्ष्मी आठवली. तिथून चालत वॉटरलू स्ट्रीटला गेलो. तिथल्या १८७८ सालच्या सिनेगॉगचं नाव 'मागेन अबोथ', म्हणजे आपल्या अलिबागच्या सिनेगॉगचंच नाव. उंबऱ्याशी क्षणभर थांबलो.

तू बिशवात आला, तेव्हा लेकीने मलिद्याचं ताट केलं. नातवाने सुकं अंजीर उचलून विचारलं, "आजी, हे झाडाला लागतं का?" पवित्र भूमीच्या सात वाणांतलं फळ, आणि पोराला ते पाकिटातच ठाऊक! म्हटलं, याला झाड दाखवायलाच हवं.

सासवडकडची काडी कुणाकडून मागवावी असं मनात आलं. पण परवानगीशिवाय झाडाची काडी त्या देशात आणता येत नाही. शेवटी शेजारची चिनी आंटी मदतीला आली. तिच्या कुंडीत अंजीर होतंच. तिने एक फांदी कापून दिली.

पहिली काडी आम्ही घालवली. कुंडीत खोचली, रोज पाणी घातलं. नवव्या दिवशी हिरवी पानं फुटली. नातू नाचला, आम्हीही खूष! लगेच मोठ्या कुंडीत हलवून उन्हात ठेवली. चार दिवसांत पानं माना टाकून बसली. उपटून बघतो तर खाली एकही मूळ नाही, बूड कुजलेलं. आंटी हसून म्हणाली, ती पानं काडीच्या पोटातल्या शिदोरीवर येतात. मुळं मागाहून.

दुसऱ्यांदा तिने सांगितलं तसंच केलं. मुलांनो, नीट वाचा:

पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्यावी, तीन-चार डोळ्यांची. पानं काढावीत. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली द्यावा. पांढरा चीक निघतो, तो अंगाला खाजतो. पुसून काडी दिवसभर सुकू द्यावी. पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्याला भोकं पाडून त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा भरावा. भुसा ओला हवा, पण मुठीत दाबला तर पाणी गळता कामा नये. काडी निम्मी आत खोचून सावलीत ठेवावी. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नये; सिंगापुरात डेंग्यूच्या डासांपायी याबाबतीत फार कडक असतात. आणि काडी हलवून बघायची नाही!

इस्रायलात हिवाळ्यात झाड पानं टाकून झोपतं, तेव्हा काडी घ्यावी. हौगांगला थंडीच नाही, झाड झोपतच नाही. तिथे बारा महिने चालतं.

पाचव्या आठवड्यात नातू ओरडत आला, "आजोबा, पांढरे दोरे!" पेल्याच्या कडेला मुळं दिसत होती. तेव्हाच तिला कुंडीत हलवली.

आम्ही इस्रायलात आलो ते पहिलं वर्ष आठवलं. नोकरी लागली, घर मिळालं, लोक म्हणाले, "रुळलात हो!" रात्री मात्र आम्ही दोघं गुपचूप अलिबागच्याच गोष्टी काढायचो. पानं होती, मुळं नव्हती. ती धरायला कितीतरी वर्षं गेली.

आता ओरलाचा नियम आहे: लावलेल्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं खायची नाहीत. नातवाने बोटं मोजली. "म्हणजे मी अकरा वर्षांचा होईन. तेव्हा तुम्ही याल ना?"

"देवाची मर्जी," आम्ही म्हणालो. त्याने कुंडीवर खडूने तारीख लिहून ठेवली आहे.